तेव्हा नशीब होतं, आता रिपोर्ट आहे

आमच्या पिढीचं भविष्य पाचव्या रात्री लिहिलं गेलं. मेघवाडी, माजासवाडी, बांद्रेकरवाडी, जोगेश्वरीत कुठेही मूल जन्मलं की पाचवी पुजली जायची. पाटा-वरवंटा, विळा, दिवा आणि शेजारी कोरा कागद न् लेखणी. बोरूचा टाक झाला, टाकाचं शाईपेन झालं, शाईपेनाचं बॉलपेन झालं. सटवाईने कधी तक्रार केली नाही. ती रात्री येणार, बाळाच्या कपाळी लिहून जाणार आणि ते आपल्याला वाचता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवा विझू नये म्हणून बायका आत जागायच्या, त्या जागतात म्हणून पुरुष गॅलरीत पत्ते खेळत जागायचे. सकाळी कागद कोराच असायचा आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नसे.

आता बाळाच्या टाचेला सुई टोचतात. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत रक्ताचे काही थेंब टिपकागदावरच्या छापील वर्तुळांत घेतात, कागद वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. हाही कागदच, पण यावरचं वाचता येतं. थायरॉइड कमी पडतंय का, शरीरातलं एखादं विकर जन्मापासूनच गैरहजर आहे का, हे थोड्या दिवसांत फोनवर येतं. थायरॉइडची गोळी वेळेत सुरू झाली, तर ज्या मुलाला आम्ही जन्मभर ‘मंद’ म्हटलं असतं ते इतरांबरोबर शाळेत जातं. सटवाईच्या लिखाणात एवढी दुरुस्ती आमच्या कुठल्याही आजीला जमली नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे आम्ही जुन्याच्या नावाने गळा काढणार आहोत. तेव्हा वाचकांनी ही थायरॉइडची गोळी विसरू नये.

लग्न जमवताना तेव्हा दोन चौकश्या होत. पहिली पत्रिकेची. छत्तीस गुणांतले आठ एकट्या नाडीचे. दोघांची नाडी एक आली की संततीला धोका, म्हणून स्थळ बाद. दुसरी चौकशी तोंडी आणि खरी. ‘घराण्यात काही नाही ना?’ असं एखादी मावशी चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता विचारायची. कोड, फिट्स, वेड, बहिरेपण, छातीत गाठ होऊन गेलेली आत्या, सगळं त्या एका प्रश्नात आलं. समोरून ‘छे, तसं काही नाही’ असं उत्तर यायचं आणि लाडू पुढे सरकवले जायचे. सगोत्र टाळण्यासाठी पिढ्या मोजणारे आम्ही मामाची मुलगी मात्र हक्काची सून समजायचो. नाडी तपासण्यात कसूर नव्हती, फक्त रक्त तपासायचं राहून जायचं.

आता रक्त तपासतात. थॅलेसेमियासाठी एचबीए-टू नावाचा आकडा बघतात. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की माणूस बहुधा ‘मायनर निघाला’. मायनर माणूस धडधाकट असतो, जिने चढतो, लोकलला लटकतो, त्याला स्वतःला काहीही होत नाही. पण दोघेही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता मूल मेजर, म्हणजे खरोखर आजारी असण्याची, 50 टक्के मायनरची आणि 25 टक्के पूर्ण निरोगी असण्याची. पत्रिकेआधी रक्त जुळवा, असा प्रचार कित्येक वर्षं चालू आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तर तपासलेल्या माणसाला कार्ड मिळतं आणि 2047 पर्यंत हा आजार हटवायचा, असं ठरलं आहे. गंमत अशी की आकडा हातात आला तरी माणूस त्याचं नशीबच करतो. ‘चारांत एक’ ऐकल्यावर पहिलं मूल आजारी असलेला बाप मनाशी हिशेब मांडतो, की आपला वाटा देऊन झाला, आता पुढची तीन ठणठणीत. जनुकीय समुपदेशन करणाऱ्या काउन्सेलर मॅडम समजावतात, तसं नसतं, दर खेपेला हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. तो मान डोलावतो, आणि बाहेर आल्यावर आईला फोन करून एखाद्या चांगल्या ज्योतिषाचं नाव विचारतो.

तेव्हा चाळीत एखादं मूल पांढरं पडत जायचं. ‘त्याला रक्त होत नाही’ असं म्हणत. पोट फुगायचं, गालाची हाडं वर यायची. जोगेश्वरीला फास्ट तेव्हाही थांबत नसे, त्यामुळे स्लो गाडीने, मूल मांडीवर घेऊन दादर गाठायचं आणि तिथून परळला केईएम किंवा वाडिया. रक्त द्यायला चाळीतली पोरं पाळीपाळीने जायची आणि परत येताना हॉस्पिटलातली बिस्किटं त्याच मुलासाठी खिशातून आणायची. घरी मात्र प्रत्येकाकडे कारण तयार असायचं. ग्रहणात विळीवर बसली असेल. डोहाळजेवणात कुणाची तरी दृष्ट लागली. कुलदेवतेचं काहीतरी राहिलंय. मागच्या जन्मीचं देणं आहे. कारणं वेगवेगळी, पण सगळ्यांचा शेवट आईपाशीच व्हायचा. यातलं अर्धं बापाच्या रक्तातून आलं आहे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे सारखं रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायचं औषध आलं, तेही कसं? पोटाच्या कातडीत सुई रुतवून, पंप लावून, आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. ते किती घरांना परवडणार? पुष्कळ मुलं मिसरूड फुटायच्या आधी गेली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्या मुलांच्या आयांना भेटून मग बोलावं.

आता लोह उतरवायला गोळ्या आहेत. जोगेश्वरीहून पाचव्या स्टेशनवर, बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमियाचं केंद्र आहे. तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणसुद्धा होतं. गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा नमुना घेऊन पोटातलं मूल मेजर आहे का, तेही सांगता येतं. आणि आता काउन्सेलरची खोली असते, जी तेव्हा नव्हती. दोन-तीन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा खोका, दाराला आतून कडी. तिथलं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं, ‘यात तुमची काहीच चूक नाही.’ हे वाक्य ऐकायला आमच्या आयांनी आयुष्य दिलं असतं. एका वाक्यात ग्रहण, दृष्ट, कुलदेवता आणि सासू, चारही आरोपी निर्दोष सुटले आणि मुख्य म्हणजे आईही सुटली.

सुटली खरी, पण मोकळी झाली का? डाउन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. 1959 साली पॅरिसच्या झेरोम लझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या मुलांच्या पेशींत एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं असतं. बहुतेक वेळा ते घराण्यातून येत नाही. पेशी विभागताना चूक होते, बस. आईला हे नीट, चित्र काढून सांगतात. ती सगळं समजून घेते आणि विचारते, ‘पण माझ्याच बाबतीत का?’ प्रयोगशाळेपाशी ‘कसं झालं’ याचं उत्तर असतं, ‘मलाच का’ हा प्रश्न तिथे स्वीकारत नाहीत. अपराधाला निदान प्रायश्चित्त होतं. नवस बोलता यायचा, सोळा सोमवार करता यायचे, गुंफेत उतरून जोगेश्वरीची ओटी भरता यायची. योगायोगाची ओटी कशी भरणार? म्हणून काही आया, सगळं कळूनसुद्धा, जुना अपराध पुन्हा अंगावर ओढून घेतात. काहीच कारण नसण्यापेक्षा आपण कारण असलेलं त्यांना बरं वाटतं. आम्हाला हे हसण्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही.

घराण्याची माहिती तेव्हा त्र्यंबकेश्वरच्या भटजींच्या वहीत असे. ज्यांची ऐपत होती त्यांनी कुलवृत्तांत छापून घेतले होते. मूळ पुरुषापासून फांद्या फुटलेला भलामोठा वृक्ष, आणि त्याला लागलेली सगळी फळं पुरुष. बायका आल्याच तर कंसात, माहेरच्या आडनावासकट. मुली दिल्या घरी गेल्या की वृक्षातूनही गेल्या. डोक्यावर परिणाम झालेला काका ‘देशांतरास गेला’, अल्पवयात गेलेली मुलं ‘निपुत्रिक’ या शब्दामागे झाकली. वृक्ष कसा हिरवागार दिसायचा.

आता काउन्सेलर मॅडम कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजार असला तर आकृती काळी करायची, माणूस गेलेला असला तर तिच्यावर तिरकी रेघ ओढायची. नवरा-बायको नात्यातले असले तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी. आणि पडलेला गर्भ म्हणजे छोटा त्रिकोण. ‘आजी, तुम्हाला एकूण किती वेळा दिवस गेले होते?’ हा प्रश्न विचारला की मुलाबरोबर सोबत म्हणून आलेली आजी आधी सुनेकडे बघते, मग जमिनीकडे. आणि मग, जे तिने नवऱ्याशीसुद्धा पुन्हा कधी बोललं नव्हतं, ते सांगते. कागदावर त्रिकोण उमटतात. आमच्या हिरव्यागार कुलवृत्तांतात या त्रिकोणांना जागाच नव्हती. इथे नव्याने जुन्यावर मात केली, हे मुकाट्याने कबूल करायला हवं.

अर्थात नव्या कागदाचीही गंमत आहेच. छातीत गाठ होऊन गेलेली आत्या आता लपवत नाहीत. आई आणि मावशी दोघी छातीच्या कर्करोगाने गेल्या असतील, तर मुलीला जनुकचाचणी सुचवतात. बीआरसीए नावाची जनुकं 1994-95 मध्ये सापडली. आईत दोष असला तर मुलीत किंवा मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. परळचं टाटा रुग्णालय आम्हाला फक्त भीतीने ठाऊक होतं, आता लेकीबाळी स्वतःच्या पायांनी, आजारी नसताना तपासणीला जातात. रिपोर्टमध्ये कधी दोष आहे असं येतं, कधी नाही असं येतं, आणि कधी येतं, की जनुकात बदल सापडला आहे पण त्याचं महत्त्व अनिश्चित आहे. म्हणजे लिहिलेलं आहे, पण वाचता येत नाही. एवढा खर्च करून आपण पुन्हा सटवाईच्या दारात. फरक इतकाच, की सटवाई ईमेल पाठवत नसे, त्यामुळे रात्री दोन वाजता उठून तिचा मजकूर पुन्हा वाचायची सोय नव्हती.

तेव्हा सल्ला मागावा लागत नसे. सासू, जाऊ, भटजी, फॅमिली डॉक्टर, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क, सगळे सांगायचे काय करायचं ते. मूल ठेवायचं, पाडायचं, दुसरं होऊ द्यायचं, बाईला माहेरी पाठवायचं. बाईला कुणी विचारत नव्हतं. गर्भजलाची परीक्षा मुंबईत आली तीही ज्या कामासाठी होती ते बाजूला ठेवून आम्ही मुली शोधून पाडायला वापरली. इतकी, की 1988 साली महाराष्ट्राला देशातला पहिला प्रतिबंधक कायदा करावा लागला. 1994 च्या केंद्रीय कायद्यात ‘जनुकीय समुपदेशन केंद्र’ याची व्याख्यासुद्धा आली. समुपदेशन म्हणजे काय हे आमच्यातल्या बहुतेकांना कळायच्या आधी त्याचा दुरुपयोग कसा करायचा हे कळलं होतं.

आता काउन्सेलर सल्ला देतच नाहीत. ‘सगळी माहिती दिली, निर्णय तुमचा.’ यामागे इतिहास आहे. 1947 साली अमेरिकेत शेल्डन रीड यांनी या कामाला जनुकीय समुपदेशन हे त्याचं आजचं नाव दिलं, तेव्हा कुणी जन्मावं आणि कुणी नाही हे सरकारने ठरवण्याचे परिणाम जगाने नुकतेच पाहिले होते. त्यामुळे दांपत्यावर काही लादायचं नाही, हे या पेशाचं व्रतच होऊन बसलं. व्रत चांगलं आहे. पण आपल्याकडचं जोडपं ते ऐकून घेतं आणि विचारतं, ‘मॅडम, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?’ तेव्हा निर्णय घ्यायला मिळत नव्हता म्हणून बाई रडायची, आता घ्यावा लागतो म्हणून रडते. 2008 साली एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात दोष आहे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली. कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती, परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीने काही बाबतींत मर्यादा चोवीसवर नेली आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने तीही काढली. दार उघडलं हे बरंच झालं. पण दारातून आत जायचं की नाही, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

इथेच व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव निघतं. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. 1941 साली त्यांचं लग्न झालं, बायकोला दिवस गेले, आणि नाझी राजवटीत ज्यू जोडप्याला मूल होऊ देणं शक्य नव्हतं म्हणून गर्भ पाडावा लागला. 1942 ते 1945 ही वर्षं छळछावण्यांत गेली. आई, वडील, भाऊ, पत्नी, कुणीही वाचलं नाही. पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपलं एक पुस्तक हॅरी किंवा मॅरियन अशा न जन्मलेल्या मुलाला अर्पण केलं. मुलगा होता की मुलगी, ठाऊक नव्हतं. म्हणून दोन्ही नावं. दुःख टळत नसेल, तर निदान त्याच्यासमोर कसं उभं राहायचं हे माणसाच्या हातात असतं, आणि जगण्यात अर्थ सापडला की तो बरंच सोसतो, हे फ्रँकल यांचं म्हणणं. अर्थाकडे जाणाऱ्या वाटा त्यांनी तीन सांगितल्या. काही करणं, कुणावर प्रेम करणं आणि न टळणाऱ्या दुःखापुढची आपली वृत्ती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात विल्यम ब्राइटबार्ट यांनी यातून बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सात-आठ बैठकांची रीतसर उपचारपद्धती बांधली. आता हाच धागा जनुकीय समुपदेशनात आणावा, असा विचार पुढे आला आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? समजा, जोगेश्वरीतलीच एक चाळिशीची बाई आहे. वंशावळीत तिच्या आई आणि मावशीची दोन काळी वर्तुळं, दोन्हींवर तिरकी रेघ. चाचणीत तिच्यातही दोष निघाला. टक्के सांगून झाले, उपाय सांगून झाले. मग काउन्सेलर विचारते, आजार सोडून आईकडून तुमच्याकडे काय काय आलं? बाई आधी गोंधळते. मग सांगू लागते, की आईने घरच्या घरी पोळीभाजीचे डबे चालवून आम्हा बहिणींना इस्माईल युसूफ कॉलेजात शिकवलं. तिचा आवाज माझ्यात आलाय, तिचा हट्ट धाकटीत. त्याच कागदावर, त्याच वर्तुळांच्या मधून, दुसराही वृक्ष उभा राहतो. आणि कधी कधी पुढचं पाऊल बाईच उचलते. ‘संगमेश्वरला माझ्या दोन मावसबहिणी आहेत, त्यांना मी सांगते. त्या वेळेत तपासतील.’ रिपोर्ट तोच, टक्के तेच; पण आता त्या कागदाचं तिला काहीतरी करता आलं.

हे वाचून आमच्या पिढीला साहजिकच म्हणावंसं वाटतं, यात नवं ते काय, हे तर आमच्या शेजारच्या मावश्या फुकट करायच्या. जरा थांबायला हवं. मावश्या अर्थ देत, हे खरं. पण तयार देत, स्वतःच्या मापाचा, आणि बाईने तो निमूट घालावा अशी अपेक्षा असे. ‘देवाने तुलाच निवडलं, कारण तुझ्यात सोसायची ताकद आहे’ हे वाक्य सांत्वन म्हणून सांगितलं जायचं आणि शिक्षेसारखं लागायचं. काउन्सेलर अर्थ देत नाही, विचारते. उत्तर आलं नाही तर गप्प राहते. हा फरक लहान नाही. अर्थ नाहीच सापडला तर तोही त्या बाईचा अधिकार आहे, हे तर मावशीला कधीच पटलं नसतं. आणि ही पद्धतही उद्या मावशीच्या वळणावर जाऊ शकते. ‘दुःखात अर्थ शोधा’ असं फर्मान निघालं, की तीही एक नवी सासूच.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो? ग्रहणासाठी नाही, नाडीसाठी नाही. आम्ही हळहळतो ते मावशी जिना चढून यायची त्यासाठी. ती विचारून येत नसे. येताना पेज आणायची, आजारी मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या आईला म्हणायची, ‘तू अंघोळ करून ये.’ मिठामिरच्या उतरवण्याचा उपयोग शून्य होता. पण तेवढा वेळ कुणीतरी त्या मुलाकडे लक्ष देऊन बघत असे. रात्री दिवा राखत बसलेल्या बायकांनी सटवाईवर काडीचाही परिणाम केला नाही, पण बाळंतिणीची एक रात्र एकटीची गेली नाही. आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहिलेत, 2023 पासून पूर्वेला मेट्रो थांबते. मावशीची नात भेटायला आली तर गेटवर वहीत नाव लिहून, इंटरकॉमवर विचारून येते. बहुधा येतच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेले हात पाठवते. तिला वाईट वाटत नाही असं मुळीच नाही. काय बोलावं ते कळत नाही, आणि चुकीचं बोलू नये एवढं तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

निवड करायला सांगितली तर आम्ही रिपोर्टच घेऊ, आणि नातवंडांना टाच पुढे करायला लावू. पण काउन्सेलरची बैठक पाऊण तासाची असते आणि अशा काउन्सेलर या शहरात हव्यात तितक्या नाहीत. बैठक संपते तिथून त्या बाईचा मंगळवार, बुधवार, रक्त चढवायचा दिवस, पुढच्या तपासणीची वाट बघायचा महिना सुरू होतो. तेवढ्या काळासाठी कुणी पेशा काढलेला नाही. तेव्हा लोक येऊन बसायचे, पण गप्प बसत नसत. आता लोक गप्प राहतात, पण येऊन बसत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमायला काही हरकत नसावी. आमच्यातले बरेच आता निवृत्त आहेत, वेळ भरपूर आहे आणि नाडी जुळवायला कुणी बोलावत नाही. पेज करायला अजून येते. तोंड आवरायला तेवढं या वयात शिकावं लागेल.